गारवा आणि तितिक्षा

एखादी सोय चैनीची केव्हा असते आणि गरजेची केव्हा होते, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचे उत्तर त्या वस्तूतच शोधू लागलो, तर हाती फारसे काही लागत नाही. तीच वस्तू एकाच्या दारी चैन ठरते आणि दुसऱ्याच्या दारी गरज. मोटारीतील वातानुकूलन हे याचे आपल्या रोजच्या पाहण्यातले उदाहरण आहे. चिकोडीत आज नवी मोटार घ्यायला निघालेला गृहस्थ इंजिनाच्या ताकदीआधी ‘ए.सी.’ची चौकशी करतो. गार झोत मागच्या आसनांपर्यंत पोहोचतो का, चालकाला आणि शेजाऱ्याला आपापले तापमान वेगळे ठेवता येते का, आसनातूनच हवा खेळते का, घराबाहेर पडण्यापूर्वी गाडी गार करून ठेवता येते का, हे सारे तो विचारून घेतो. त्याच घरातील वडीलधारी मंडळी मात्र नाक मुरडतात. ‘भर वैशाखात बैलगाड्यांतून वऱ्हाडे नेली, कोणी वितळले नाही,’ असे त्यांचे म्हणणे. या दोघांपैकी बरोबर कोण, हे ठरवण्याआधी ही सोय आली कोठून आणि ती करते काय, हे पाहिले पाहिजे.

मोटार वाढली ती मुख्यतः थंड मुलखांत. म्हणून तिच्यात आधी ऊब आली, गारवा मागाहून. बाहेरची हवा गाळून व तापवून आत सोडणारी ‘वेदर आय’ नावाची व्यवस्था अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये आणली. त्यानंतर पॅकार्ड कंपनीने आपल्या १९४० च्या मॉडेलांसाठी कारखान्यातच बसवलेले वातानुकूलन देऊ केले. त्या यंत्राने डिकीतील बरीच जागा अडत असे. शिवाय ते बंद करायचे म्हणजे इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. पुढे १९६४ मध्ये कॅडिलॅकने तापमान आपोआप राखणारी योजना आणली. तापणारी आसनेही त्याच काळातली; १९७० नंतर स्वीडनच्या साब कंपनीने ती रुळवली. कॅनडातील किंवा उत्तर अमेरिकेतील मराठी घरांतून आपल्याकडे सुट्टीला येणारी मुले या आसनांचे कौतुक सांगतात, तेव्हा आपल्याला हसू येते. परंतु जिथे बर्फात दाराचे कुलूप गोठते, तिथे ती चैन नव्हे.

आपल्याकडे अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या पुढच्या दारांना एक तिकोनी काच असे. ती तिरपी केली की वारा अंगावर येई, आणि त्यालाच आपण सुख म्हणत होतो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मोटारीसंबंधीच्या आपल्या अपेक्षा हळूहळू बदलल्या. या यंत्राचा आणखी एक उपयोग आपल्या भागातील माणसाला ऊन नसतानाही कळतो. आषाढात आंबोलीचा किंवा तवंदीचा घाट चढताना समोरची काच आतून धूसर होते. वातानुकूलन सुरू केले की हवेतील ओल शोषली जाते आणि काच निवळते. उन्हाळ्यात ज्याला आपण चैन म्हणतो, तेच यंत्र त्या क्षणी रक्षक होते. वस्तू तीच, प्रसंगाने तिचा दर्जा बदलला.

आता ते यंत्र करते काय? ते उष्णतेचा नाश करत नाही. कोणतेही यंत्र तो करू शकत नाही. आतली उष्णता उचलून ते बाहेर टाकते, आणि हे काम करण्यासाठी जी शक्ती खर्च होते तिचीही उष्णता त्यात मिसळते. म्हणजे आत जितका गारवा निर्माण होतो, त्याहून अधिक उष्णता बाहेर पडते. बसस्थानकासमोर थांबलेल्या मोटारीच्या पुढून चालत गेलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. यंत्रात खेळणाऱ्या वायूचाही हिशेब आहेच. पूर्वीचा आर-१२ हा वायू ओझोनच्या थराला घातक ठरला, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने मागे पडला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची पृथ्वी तापवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते चौदाशे पट भरते. म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे अशा वायूंचा वापर घटवण्याचे ठरले. थोडक्यात, गारवा फुकट मिळत नाही. त्याची किंमत इंधनाच्या पैशांत आपण देतो, आणि उष्णतेच्या रूपाने दुसरा कोणी तरी देतो.

इथे आपल्या परंपरेतील एक मोठा शब्द आठवतो : तितिक्षा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत आणि उष्ण यांना येणारे-जाणारे मानून ते सोसण्याचा उपदेश आहे. वेदान्ताने शम, दम, उपरती, श्रद्धा आणि समाधान यांच्याबरोबर तितिक्षेलाही साधकाच्या सहा संपत्तींत बसवले. ए.सी.ला नाक मुरडणारे वडीलधारे नकळत याच शिकवणीचा आधार घेत असतात, आणि त्यात तथ्य आहे. दहा मिनिटांच्या वाटेवरही ज्याला उकाडा सोसवत नाही, त्याचे स्वातंत्र्य तितके उणे झाले. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. तितिक्षा हे साधकाचे स्वतःसाठीचे व्रत आहे. ते दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. स्वतःसाठी तितिक्षा आणि दुसऱ्यासाठी करुणा, अशी ती वाटणी आहे. व्यवहारात आपण ती नेमकी उलट करून टाकली आहे.

निपाणीजवळच्या महामार्गाने या भेदाची एक बाजू पाहिली आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी त्या रस्त्यावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिल रोजी आंदोलन मोडून काढताना गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या माणसांनी उघड्यावर जे ऊन सोसले, ते स्वतः पत्करलेले होते. त्याला हेतू होता, म्हणून त्याला तप म्हणता येईल. त्याच रस्त्याने त्या आधीही आणि त्यानंतरही रात्रंदिवस मालमोटारी धावत राहिल्या. त्यांच्या चालकांनी सोसलेले ऊन कोणी पत्करलेले नव्हते. मालमोटारीचे इंजिन चालकाच्या जवळच असते. वरून पत्र्याचा ताव आणि खालून इंजिनाचा, यांच्यामध्ये तो बसलेला असतो. त्याच्या सोसण्याला तप म्हणणे ही भाषेची लबाडी आहे.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही. डेव्हिड वायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात चालत्या मोटारीतील चालकांची सावधता तपासली होती. २१ अंशांच्या तुलनेत २७ अंश तापमानात चालकांच्या नजरेतून निसटणाऱ्या इशाऱ्यांचे प्रमाण निम्म्याने वाढले आणि त्यांचा प्रतिसादही मंदावला. सत्तावीस अंश म्हणजे आपल्याकडची प्रसन्न सकाळ! चाळिशीच्या आसपास पोहोचलेल्या दुपारी इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाची अवस्था काय होत असेल, आणि समोरून येणाऱ्या आपल्या वातानुकूलित मोटारीचे भवितव्य कोणाच्या हाती असेल, याचा विचार करावा.

असे असूनही, मागे बसणाऱ्या प्रवाशांच्या गारव्याची काळजी आधी झाली आणि माल वाहणाऱ्याची कितीतरी उशिरा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जून २०२३ मध्ये चालककक्षातील वातानुकूलन सक्तीचे करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा खर्च वाढेल म्हणून काहींनी याला विरोध केला होता, हेही सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अधिसूचना निघाली, आणि २०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालमोटारींना ही सोय बंधनकारक झाली. ‘गारव्यात चालकाला झोप येईल’ हाही एक आक्षेप ऐकू येतो. हा आक्षेप घेणारे स्वतः गार मोटारीतून प्रवास करताना चालकाच्या झोपेची चिंता करत नाहीत, हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते.

नियम आला, तरी प्रश्न पुरता सुटलेला नाही. रस्त्यावरच्या जुन्या मालमोटारी जुन्याच राहणार. नव्या गाडीतही कळ चालकाच्या हाताशी आणि डिझेलचा हिशेब मालकाच्या वहीत, अशी स्थिती असली तर ती कळ किती वेळा दाबली जाईल? महसूल खात्यातील नोकरीत फिरतीच्या निमित्ताने अनेक चालकांचा सहवास मला घडला. साहेब गाडीत असताना जे इंधन ‘लागते’, तेच साहेब उतरल्यावर ‘वाया जाते’, हे शास्त्र त्यांना तोंडपाठ होते. आजही लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेर मोटारींच्या रांगा लागतात आणि चालक आत गाडीत बसून असतात. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीच्या आतले तापमान तासाभरात सरासरी बावीस अंशांनी वाढल्याचे आढळले. काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. यावर इंजिन सुरू ठेवून बंद गाडीत झोपणे हाही उपाय नव्हे, कारण त्यात विषारी धुराचा धोका असतो. उपाय साधा आहे. चालकाला आत बोलवावे, पंख्याखाली खुर्ची द्यावी आणि पंगतीत पान वाढावे. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सर्वांनाच गारवा द्यायचा, तर बाहेरची उष्णता वाढतच जाणार. मग न्याय आणि सृष्टी यांचा मेळ कसा घालायचा? मला वाटते, इथेच तितिक्षेला तिची खरी जागा मिळते. ज्याला उन्हातून उठता येत नाही, त्याचा हक्क पहिला : आठ-दहा तास चाकामागे बसणारा, आजारी, वृद्ध, तान्हे मूल. ज्याला उठता येते, त्याने मर्यादा पाळावी. गाडी सावलीत उभी करावी, निघताना आधी काचा उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी, अठरा अंशांचा हट्ट सोडून चोवीस-पंचवीसवर समाधान मानावे. भारतात तारांकित घरगुती वातानुकूलन यंत्रे २०२० पासून चोवीस अंशांवर लावलेलीच मिळतात. मोटारीतही तो दंडक आपला आपण पाळायला हरकत नाही.

आपल्या पूर्वजांनी या मुलखात वाडे बांधले, तसे वाटेवर उंबर-पिंपळ राखले आणि चैत्रात पाणपोया घातल्या. घरातला गारवा आणि वाटेवरचा गारवा हे दोन्ही त्यांच्या लेखी गृहस्थाचेच कर्तव्य होते. मोटार ही आज आपली चालती ओसरी आहे. तिच्यात गारवा असण्याला दोष देण्याचे कारण नाही. तो घेताना चाकामागचा माणूस आणि काचेबाहेरचा माणूस आपल्या हिशेबात आहेत की नाहीत, एवढेच प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.