तडा कोणाच्या नावावर?

लॉस एंजेलिसमध्ये काम करणारा कलाकार वालीद बेश्टी फेडेक्सच्या ठरावीक मापाच्या खोक्यात नेमकी बसेल अशी काचेची पेटी बनवतो. भोवती थर्माकोल नाही, कागदाचे बोळे नाहीत. खोकं बंद करून ते कुरिअरने प्रदर्शनाच्या गावी पाठवतो. वाटेत काच तडकते. लॅमिनेटेड असल्यामुळे ती विखरत नाही, तड्यांचं जाळं तेवढं पसरतं. गॅलरीत ही पेटी तिच्या खोक्यासोबत मांडतात. पुढच्या प्रवासात नवे तडे.

हे शिल्प कुणी घडवलं? गोदामात खोकं उचलणाऱ्याने, गाडीत रचणाऱ्याने. शिल्पाच्या शीर्षकात ट्रॅकिंग नंबर असतो, त्यांचं नाव नसतं.

पण मला श्रेयाचा प्रश्न दुय्यम वाटतो. हमालाला मजुरी मिळाली, कलाकार म्हणवून घेण्याची त्याची इच्छा असेलच असं नाही. मला खटकतं ते वेगळंच. आत उघडी काच आहे हे त्याला कळलं असतं, तर त्याने खोकं जपून ठेवलं असतं आणि शिल्प फसलं असतं. म्हणजे त्याचं अज्ञान हा या कलाकृतीचा कच्चा माल आहे.

याच्या शेजारी घानाचा इब्राहिम महामा ठेवून पाहा. कोकोसाठी, मग कोळशासाठी वापरलेली तागाची पोती तो जमवतो, नवी देऊन जुनी घेतो. ती माणसांकडून शिवून घेऊन त्यांनी इमारती झाकतो. 2017 मध्ये कासेलच्या डॉक्युमेंटात त्याने अशीच एक जुनी इमारत झाकली होती. आपण ज्याला बारदान म्हणतो, तेच. काही पोत्यांवर वापरणाऱ्यांची नावंही दिसतात. इथेही प्रसिद्धी महामालाच मिळते. पण पोतं देणाऱ्याला आपण काय देतोय आणि बदल्यात काय मिळतंय, हे ठाऊक असतं. माझ्या मते नैतिक फरक तिथे आहे.

बेश्टीवर खटला भरावा असं मी म्हणत नाही. त्याच्या काचेला तडा जातो, माणसाला नाही. उलट त्याच्या पेटीमुळे एरवी न दिसणारी हाताळणी डोळ्यांसमोर येते. फक्त ती पाहताना आपणही आठवावं, की दारात आलेलं पार्सल कुणी, किती तास उभं राहून, किती जिने चढून आणलं, हे न कळण्यात आपलीही सोय असते. आपण तेवढा तडाही पाहत नाही. खोकं फाडतो आणि रद्दीत टाकतो.