श्रोत्यांची संख्या आणि कार्यक्रमाचे मोल

जे मोजता येते तेच मोलाचे, असा समज आज सर्वत्र बळावला आहे. त्याची पारख करण्यास नभोवाणीच्या श्रोतृगणनेइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

अमेरिकेत १९३० च्या दशकात हूपर यांच्या संस्थेने या कामी दूरध्वनीचा उपयोग केला. कार्यक्रम चालू असतानाच निवडक घरी विचारावयाचे : रेडिओ चालू आहे काय? कोणता कार्यक्रम लागला आहे? समजा, १०० घरांपैकी २० घरी रेडिओ चालू होता आणि त्यांतील ५ घरी एक विशिष्ट कार्यक्रम. शंभरांत पाच हे त्याचे रेटिंग. ऐकणाऱ्यांतील त्याचा वाटा मात्र शेकडा २५. कार्यक्रम एकच, आकडे दोन. जाहिरातदारापुढे सोयीचा तो ठेवावा! शिवाय ज्याच्या घरी दूरध्वनी नाही, तो या गणनेत श्रोताच नव्हे.

१९४२ साली नील्सन यांच्या संस्थेने रेडिओलाच नोंदणीयंत्र जोडून गणना सुरू केली. कोणते केंद्र लागले होते हे त्यात उमटे. समोर कोणी होते की नाही, हे नव्हे. पुढे अंगावर बाळगावयाचे यंत्र आले. ते कार्यक्रमातील, कानास न जाणवणारी खूण टिपते. परंतु मन कोठे होते हे त्यासही कळत नाही. कीर्तनात डुलक्या घेणाराही गर्दीत मोजला जातोच.

अशा आकड्यांवर माणसांचे भवितव्य ठरते. १९४८ साली श्रोत्यांना दूरध्वनी करून बक्षिसे वाटणारा 'स्टॉप द म्यूझिक' हा कार्यक्रम विनोदकार फ्रेड ॲलन यांच्याच वेळेस सुरू झाला. ॲलन यांचे रेटिंग घसरले. १९४९ साली त्यांचा कार्यक्रम बंद झाला. लोकांस विनोद नकोसा झाला, की बक्षिसाचा मोह पडला, हे त्या आकड्यास सांगता येत नव्हते.

मग मोजूच नये काय? तसेही नव्हे. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आळा बसला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्यास न विचारता त्याचे हित ठरविणे हाही अहंकारच होय.

तेव्हा किती जणांनी ऐकले, हे आकड्यास अवश्य विचारावे. काय ऐकवावे, याची जबाबदारी मात्र ऐकविणाऱ्याने आकड्यावर ढकलू नये.