तिनं वाटीवरून तोंड फिरवलं तर

 

मागच्या आठवड्यात आपल्या आदिलाबादच्या ग्रुपवर एका ताईंनी प्रश्न टाकला होता. घरात चौदा वर्षांची मांजर आहे. किडनीचा आजार निघालाय. पाणी खूप पिते, लघवीला सारखी जाते, पाठीची हाडं हाताला लागतात. वाटी ठेवली की धावत येते, हुंगते आणि तोंड फिरवते. डॉक्टरांनी सांगितलेल्या खाण्यात मासा-चिकन आहे, आणि घर माळकऱ्यांचं. त्यावर एका काकांनी लिहिलं की तिनं अन्न सोडलंय, तिचा उपास समजा. दुसऱ्यांनी लिहिलं, सिरिंजनं भरवा, अन्नदानासारखं पुण्य नाही. दोन्ही सल्ले प्रेमानंच दिलेले. पण दोन्हींत मांजरापेक्षा आपणच जास्त आहोत, असं मला वाटतं.

आधी माशाचं. मांजर दूधभातावर जगते असं आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो. खरं म्हणजे दूधभात आपण घालत होतो आणि बाकीचं पोट ती उंदीर-पाली मारून भरत होती. तिच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांसातूनच मिळतं. नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. म्हणजे माळकऱ्यांच्या घरातली मांजर कधीच शाकाहारी नव्हती, फक्त ते आपल्याला दिसत नव्हतं. आता म्हातारी, आजारी मांजर शिकार करू शकत नाही, म्हणून तो प्रश्न आपल्या ओट्यावर आलाय. व्रत आपलं आहे, तिनं माळ घातलेली नाही. मासळीचा जीव जातो हे मात्र नाकारू नये. ते दुःख मनात ठेवूनच तयार पाकीट आणावं. वाटी-चमचा वेगळा ठेवावा, जागा मागच्या अंगणात करावी. घरातल्या आजींना शिवायचं नसेल तर त्यांना आग्रह करू नये, नातवानं करावं.

आता उपासाचं. नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला विनोबाजींनी अन्न, पाणी, औषध नाकारलं आणि 15 तारखेला देह ठेवला. सत्त्याऐंशी वर्षांचा ज्ञानी माणूस, समजून-उमजून घेतलेला निर्णय. मांजरीचं तोंड फिरवणं तसं नाही हो. किडनी काम करेनाशी झाली की रक्तात घाण साठते, पोटात ढवळतं, कधी तोंडात फोड येतात. ती वाटीकडे धावत येते म्हणजे भूक आहे. वास आला की मळमळतं, म्हणून फिरते. याला वैराग्य म्हणणं म्हणजे आपली सुटका करून घेणं. उलटी-मळमळ थांबवायचं औषध असतं, भूक लागायचं असतं, कातडीखाली सलाईन देता येतं. डॉक्टरांना हे नाव घेऊन विचारावं लागतं. नागपूर काय, हैदराबाद काय, आपल्याला दोन्ही लांब. पण रिपोर्टचा फोटो पाठवून फोनवर विचारता येतं.

मळमळ थांबली की मग खाणं. किडनीच्या खाण्यात फॉस्फरस कमी असतो, ते चांगलंच. पण मळमळत असतानाच ते पुढे केलं तर त्या खाण्याचाच तिला कायमचा तिटकारा बसू शकतो. थोडं कोमट केलं की वास सुटतो. एकदम वाटीभर नको, चमचा-चमचा, दिवसातून पाच-सहा वेळा. तेही खात नसेल तर जे खाईल ते द्यावं. मांजर काही दिवस उपाशी राहिली की लिव्हरमध्ये चरबी साठून दुसराच जीवघेणा आजार होतो. खारवलेलं सुकट नको, कांदा-लसणाचा रस्सा नको. आणि आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तर अजिबात नको, मांजरासाठी ती विष आहे.

सिरिंजबद्दल मला जास्त सांगायचंय. नामदेव महाराज कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण पोळी त्या कुत्र्यानं स्वतः उचलली होती. नाथांनी कावडीतलं पाणी गाढवाला पाजलं, तेव्हा तहान गाढवाची होती. नाथांना पुण्य हवं होतं म्हणून नव्हे. दोघांनी मान दाबून घशात ओतल्याचं कुठं ऐकलंय? जबरदस्तीनं भरवलं तर घास श्वासनळीत जाऊ शकतो, आणि ज्या हातांवर ती चौदा वर्षं विसंबली त्यांनाच ती भिऊन कपाटाखाली बसते. डॉक्टरांनी समोर करून दाखवलं असेल आणि ती हळूहळू चाटत असेल तर गोष्ट वेगळी. पण "आज आपण तिला पन्नास ग्राम दिलं" हे समाधान कोणाच्या पोटात गेलं, ते बघायला हवं. पाण्याचं तसं नाही. तहान तिची स्वतःची आहे, दोन-तीन ठिकाणी वाट्या भरून ठेवाव्यात.

औषध, सलाईन, कोमट खाणं सगळं करूनही एक दिवस असा येतो की ती येतच नाही. तेव्हा काय? 1928 मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असंच तळमळत पडलं होतं. कूसही बदलता येत नव्हती. गांधीजींनी डॉक्टरांकडून विषाचं इंजेक्शन देववलं, स्वतः समोर उभे राहिले. अहिंसेच्या माणसानं हे केलं म्हणून देशभरातून रागाची पत्रं आली. मी स्वतः ते करू शकेन की नाही, कोण जाणे. आपल्यातल्या पुष्कळांना ते पटणारही नाही, आणि त्यावर ग्रुपवर भांडू नये. पण गांधीजींनी तेव्हा घातलेल्या अटी वाचण्यासारख्या आहेत. आजार बरा न होणारा असावा, सगळ्यांनी आशा सोडलेली असावी, आणि त्या जिवाची सेवा करण्यासारखं काहीच उरलेलं नसावं. जी मांजर आज सकाळी बोटावरचा कोमट रस्सा दोनदा चाटून गेली, तिच्याबाबतीत ही तिसरी अट अजून लागू होत नाही.