वकीलपत्र कुणी दिले?

माझ्या वर्गात एक गरीब पण मानी मुलगा होता. सहलीचे पैसे त्याने भरले नव्हते. मी भर वर्गात त्याची कैफियत मांडली आणि मुलांकडून वर्गणी गोळा केली. पैसे भरले गेले. मुलगा मात्र सहलीला आला नाही, की नंतर शाळेतही फिरकला नाही. त्याच्यासाठी बोलण्याच्या भरात त्यालाच विचारायचे मी विसरलो होतो.

सुदानच्या डार्फर प्रांताविषयी वाचताना मला तो मुलगा आठवला. 2003 साली तेथे यादवी पेटली. गावेच्या गावे जाळली गेली. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत ‘सेव्ह डार्फर’ ही आघाडी उभी राहिली. तिच्या हाकेला ओ देऊन 30 एप्रिल 2006 रोजी वॉशिंग्टनला हजारो माणसे जमली. ज्यांची भाषाही आपल्याला येत नाही, त्यांच्यासाठी परक्यांनी घर सोडून रस्त्यावर यावे, यात मला माणुसकीच दिसते.

पण या आघाडीचे काम धान्य पोचवण्याचे नव्हते. आवाज उठवण्याचे होते. 2007 साली तिने डार्फरच्या आकाशात विमानबंदी करा, अशा जाहिराती दिल्या. तेव्हा तेथे प्रत्यक्ष राबणाऱ्या मदतसंस्थांनीच हरकत घेतली : अशाने आमचीही विमाने अडकतील, मग भुकेल्यांपर्यंत पोचायचे कसे?

कोर्टात वकील उभा राहतो तो अशिलाच्या सहीचे वकीलपत्र घेऊन. डार्फरचे वकीलपत्र कुणी दिले होते?

मग गप्प बसावे काय? छे! गप्प बसणाराही एक बाजू घेतोच. ती मारणाऱ्याची असते. एप्रिल 2023 मध्ये सुदानात पुन्हा युद्ध पेटले. ऑक्टोबर 2025 मध्ये डार्फरमधले अल-फाशर शहर दीड वर्षाच्या वेढ्यानंतर पडले. ‘सेव्ह डार्फर’ आघाडी तर 2010 च्या अखेरीसच दुसऱ्या एका संस्थेत मिसळून गेली होती. पण सुदानमधल्या वस्त्यावस्त्यांतून तेथलीच तरुण मुले सामुदायिक चुली पेटवून शेजाऱ्यांना जेवू घालीत राहिली. काय हवे, हे त्यांना विचारावे आणि मग तेच मोठ्याने सांगावे. गर्दी पांगल्यावरही सांगत राहावे. दुसऱ्याची वकिली करणाऱ्याचा धर्म मला एवढाच दिसतो.

आठवड्याने मी त्या मुलाच्या घरी गेलो. ‘‘तुला काय हवं होतं रे?’’ मी विचारले.

मान खाली घालून तो म्हणाला, ‘‘चार दिवसांची मुदत, गुरुजी. बाबांचा पगार व्हायचा होता.’’