नालबंदाचे पदक

जॉर्ज हॉलिस हा ब्रिटिशांच्या आठव्या हुजार रिसाल्यातला नालबंद, मूळचा ग्लॉस्टरशायरचा. १८५७ च्या अखेरीस रिसाला मुंबईला उतरला आणि १७ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरजवळ, कोटा की सराय इथे, त्याच्या एका तुकडीने जी मुसंडी मारली तिच्याबद्दल हॉलिसला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणखी तिघांनाही मिळाला: कॅप्टन हेनेज, सार्जंट जोसेफ वॉर्ड आणि साधा शिपाई जॉन पियरसन. ही नावे मराठी माणसाच्या कानावरून गेलेली नसतात. पण याच धुमश्चक्रीत झाशीची राणी पडली. (आपल्याकडे तारीख १८ धरतात.)

पदकाबरोबरचा मजकूर जानेवारी १८५९ च्या लंडन गॅझेटात आहे. तुकडी शत्रूची छावणी चिरत तोफांपर्यंत पोचली आणि किल्ल्यावरून, शहरातून मारा होत असताना दोन तोफा घेऊन आली, असा त्याचा आशय. राणीचे नाव नाही. मुद्दाम गाळले असावे असे मला वाटत नाही. ती स्वाराच्या वेशात होती. वार करणाऱ्यालाही आपण कोणावर हात टाकला हे बहुधा कळले नसेल. लष्करी कागदाला तोफा मोजता येतात, एवढेच.

या चौघांना सेनापतीने निवडले नव्हते. पदकाच्या १८५६ च्या सनदेत एक कलम होते: सगळी तुकडीच सारखी लढली असेल तर एक अधिकारी, एक हवालदारी दर्जाचा आणि दोन शिपाई बरोबरीच्यांनीच निवडायचे. त्याप्रमाणे सोबत्यांनी कौल दिला. खोटा पराक्रम सोबत्यांपुढे टिकत नाही. म्हणून मला हॉलिसचे धाडस नाकारावेसे वाटत नाही. नाल ठोकणारा तो माणूस; राज्य कुणाचे असावे हे त्याला कुणी विचारले नव्हते. धाडस खरे आणि बाजू अन्यायाची, हे दोन्ही एकाच माणसात नांदू शकते. राणीचे मोठेपण शाबूत ठेवायला समोरचा भ्याड असावाच लागतो, असे थोडेच आहे? खुद्द ब्रिटिश सेनापती सर ह्यू रोझने तिचे शौर्य कबूल केले होते.

मला खटकते ते निराळेच. कोटा की सराय इथे लढलेल्या ब्रिगेडियर स्मिथच्या फौजेत मुंबई लष्करातले देशी स्वार आणि देशी पायदळही होते. त्यांच्यातल्या कुणी कितीही मर्दुमकी गाजवली असती तरी हे पदक त्याला मिळणे शक्य नव्हते. हिंदी शिपायांसाठी ते खुले झाले १९११ साली.

आणि आपला कागद? तो म्हणजे ‘माझा प्रवास’ या आठवणी. त्या लिहिणारे कोकणातल्या वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. ग्वाल्हेरची लढाई त्यांनी पाहिली नव्हती, पण झाशीची लूट आणि कत्तल भोगली. त्यांच्या लेखी समोरचे सगळे नुसते ‘गोरे’. त्यात हॉलिस नाही, हेनेज नाही. गॅझेटला राणी दिसली नाही, भटजींना शिपाई दिसला नाही. भटजींना हे लिहायला लावले कल्याणच्या चिंतामण विनायक वैद्यांनी. ‘माझा प्रवास’ त्यांनी १९०७ मध्ये छापला, तोही काटछाट करून. मधल्या काळात वैद्य ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीशही होते. तेच संस्थान, ज्याचे जयाजीराव शिंदे जून १८५८ मध्ये आग्र्याला पळाले आणि रोझच्या फौजेच्या बळावर परत गादीवर बसले. अशा माणसाने कात्री चालवली म्हणून त्याला बोल लावणे मला जड जाते. त्याने आग्रह धरला नसता तर कापायलाही काही उरले नसते. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केला १९६६ मध्ये. हॉलिसच्या पदकाचा मजकूर मात्र सात महिन्यांत छापून झाला होता.