मृगातला तेजोमेघ

परळीच्या एखाद्या अंगणातून तेजोमेघाचा फोटो काढायचा, तर आकाश साथ देईलच असे नाही. औष्णिक वीज केंद्राचे दिवे, रस्त्यांवरचे एलईडी, थंडीत हवेत साचलेली धूळ. तरीही डिसेंबरात पूर्वेला मृग नक्षत्र वर आले, की बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ एक धूसर ठिपका दिसतो. तिथे आजही नवे तारे जन्मत आहेत. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षे. हा प्रकाश निघाला तेव्हा मराठवाड्यावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते!

एकाच फोटोत हा मेघ उजेडात बुडतो. म्हणून थोड्या थोड्या सेकंदांची शंभर छायाचित्रे घेऊन संगणकावर एकावर एक रचायची. मेघाचा प्रकाश साठत जातो आणि चित्रातली खरखर त्या मानाने दहापट मंदावते. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश तेवढा आत सोडणारी गाळणी लावली, तर दिव्यांचा बराचसा उजेड बाहेरच अडतो.

याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातले ऊसतोड कामगार पहाटेच्या अंधारात फडात उतरतात, तेव्हा मृग पश्चिमेला कललेला असतो. त्यांच्या मुलांना हा मेघ कुणीतरी दाखवायलाच हवा. त्याला साधी हातातली दुर्बीणही पुरते.