मुक्याची संमति

आमच्या घरांतील मोत्या हा बारा वर्षांचा लॅब्रॅडॉर कुत्रा गेल्या वर्षापासून फारसा भुंकेनासा झाला होता. टपालवाला दाराशीं आला, अंगणांत मांजर फिरलें, तरी तो मान वर करून एक घोगरा, फुटका आवाज काढी आणि गप्प बसे. आम्हांस त्याचें कौतुक वाटे. वयाबरोबर माणसास पोक्तपणा येतो तसा जनावरासहि येतो, असें मी चारचौघांत सांगत असें. शेजाऱ्यांनीं तर आमचें अभिनंदनच केलें. त्या पोक्तपणाचें खरें नांव आम्हांस चैत्रांतील एका सकाळीं कळलें. फिरून आल्यावर मोत्याची धाप थांबेना. श्वास आंत घेतांना लांकडावर करवत चालावी तसा आवाज येऊं लागला, हिरड्या जांभळ्या पडल्या, आणि दिवाळीच्या फटाक्यांखेरीज ज्या डोळ्यांत मीं कधीं भय पाहिलें नव्हतें त्या डोळ्यांत तें पाहिलें.

डॉक्टरांनीं प्राणवायु दिला, गुंगीचें औषध टोंचलें, ओल्या फडक्यांनीं अंग निववलें. दोन दिवसांनीं हलकी भूल देऊन त्यांनीं घसा तपासला व निदान सांगितलें: स्वरयंत्राचा पक्षाघात. श्वासनलिकेच्या तोंडाशीं दोन कूर्चा असतात. श्वास घेतांना त्यांनीं दाराच्या फळ्यांप्रमाणें बाजूस व्हावयाचें आणि घांस गिळतांना मिटावयाचें. मोत्याच्या फळ्या बाजूस होतच नव्हत्या. थंडींत, सावलींत पडून असतां उरलेल्या फटीवर भागतें. परंतु कुत्र्यास घाम येतो तो नांवापुरता, त्याचें अंग निवतें तें धापेनें. उन्हांत धाप वाढली कीं ती अरुंद वाट सुजते, वाट सुजली कीं श्वासाचे श्रम वाढतात, आणि श्रमानें अंग आणखी तापतें. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे प्राण जावयास फार वेळ लागत नाहीं.

ह्या फळ्या हलविणाऱ्या मज्जातंतूची वाट मोठी चमत्कारिक आहे. तो मानेंतून स्वरयंत्राच्या शेजारून तसाच खालीं छातींत उतरतो, डावीकडचा तर हृदयाजवळ महारोहिणीस वळसा घालतो, आणि मग उलट वर चढून स्वरयंत्रास पोंचतो. म्हातारपणीं जे तंतु सर्वांत लांब ते आधीं झिजतात. म्हणून प्रथम आवाज बदलतो, मग श्वास अडतो, आणि पुढें मागचे पाय लटपटूं लागतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत रोममध्यें गॅलेन नांवाच्या वैद्यानें जिवंत डुकराच्या मानेंतील हे तंतु लोकांसमक्ष छेदून दाखविले. ओरडत असलेलें डुक्कर एकाएकीं मुकें झालें, आणि आवाजावर मज्जातंतूंची सत्ता आहे हें पाहणारांस पटलें. त्या डुकरास कोणीं विचारलें नव्हतें. मोत्याच्या रोगास आज नांव आहे, त्यांत त्या डुकराचाहि वांटा आहे.

आतां प्रश्न शस्त्रक्रियेचा. एका बाजूची कूर्चा दोऱ्यानें बाहेरच्या अंगास कायमची बांधून ठेवतात. म्हणजे एक फळी उघडी राहते आणि श्वास मोकळा होतो. पण उघडी राहिलेली फळी गिळतांनाहि मिटत नाहीं. अन्नपाणी फुप्फुसांत उतरून दाह होण्याचें भय मग जन्माचें मागें लागतें. ह्याच भयानें दोन्ही बाजू सहसा बांधीत नाहींत. शस्त्रक्रिया झालेल्या १४० कुत्र्यांची हकीकत २००१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली, तींत सुमारें चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांस हा दाह झाल्याचें आढळलें. शिवाय मूळचा रोग थांबत नाहीं. पाय लटपटावयाचे ते लटपटतातच. विकत घ्यावयाचा तो कांहीं काळाचा सुखाचा श्वास, आणि किंमत द्यावयाची ती मोत्याच्या अंगावर.

घरांत मतें पडलीं. आक्का म्हणाली, "वय झालें त्याचें, आतां कशाला कापतां?" मुलाचें म्हणणें, होईल तें सर्व केलेंच पाहिजे. आमच्या पत्नीनें एवढेंच विचारलें कीं, नंतर दिवसांतून चार वेळां त्याला हातानें भरवणार कोण? मीं मात्र सर्वांत सुंदर प्रश्न काढला: मोत्याला बोलतां आलें असतें तर तो काय म्हणाला असता?

हा प्रश्न मीं चार दिवस चघळला आणि मग मला त्याची लाज वाटूं लागली. कारण रोज उत्तर वेगळें येई. पैशांचा हिशेब करून उठलों म्हणजे मोत्या म्हणे, "मला शांतपणें जाऊं द्या." रात्रीं त्याचा घोरता श्वास ऐकला म्हणजे तोच म्हणे, "मला वांचवा." मुक्याच्या तोंडीं आपणच शब्द घालावयाचे आणि त्यास त्याची संमति म्हणावयाचें, ह्याहून सोपी वकिली नाहीं.

अशा वेळीं लोकांस धर्मराजाचा कुत्रा आठवतो. आम्हांसहि एका स्नेह्यानें त्याची आठवण दिली. परंतु धर्मराजानें पणास लावला तो स्वतःचा स्वर्ग. दुसऱ्याचा गळा त्याला पणास लावावा लागला नाहीं. आमच्या प्रश्नास अधिक जवळची गोष्ट १९२८ सालची आहे. साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असह्य वेदनांनीं तळमळत होतें आणि उपाय उरला नव्हता. गांधीजींनीं विचारविनिमय करून डॉक्टरकडून विषाची सुई देववून त्याचा अंत करविला. त्यावर देशभर गहजब झाला. मला त्या प्रकरणांत मोठें वाटतें तें हें कीं, वासराच्या इच्छेची ढाल पुढें न करतां त्यांनीं निर्णयाचा भार स्वतःकडे घेतला. तरीहि त्यांच्यापुढें उपाय संपला होता. आमच्यापुढें तो होता, आणि अडचण तीच होती.

आक्काच्या म्हणण्याचा मीं अधिक विचार केला, कारण त्यांत दिसतें त्याहून अधिक आहे. माणूस सुरीखालीं जातो तो पुढची आशा धरून. नातवाची मुंज पाहावयाची असते, राहिलेलें पुस्तक पुरें करावयाचें असतें. कुत्र्याजवळ पंचांग नाहीं. दवाखान्यांतील रात्र त्याला कशासाठीं हें सांगतां येत नाहीं. ती नुसती वेदना आणि परकें घर. मग पुढच्या दोन वर्षांचें आमिष त्याच्या नांवावर आपण कसें स्वीकारावें? हा आक्षेप मला फार दिवस अजिंक्य वाटला. पण तो दोन्हीकडे कापतो. दम्याच्या माणसास ठाऊक असतें कीं झटका येतो आणि जातो. मोत्यास तें ठाऊक नाहीं. प्रत्येक झटक्यांत तो पुरता मरतो. तेव्हां मोजावयाचीं तीं आयुष्याचीं वर्षें नव्हेत, भयें. एक भय एका रात्रीचें, दुसरें वैशाखांतल्या दर दुपारचें. फुप्फुसाच्या दाहाचा धोका होता. गुदमरणें मात्र ठरलेलेंच होतें. हिंवाळा समोर असता, रोग सौम्य असता, तर वजन उतरवून, गळपट्ट्याऐवजीं छातीचा पट्टा बांधून, गारव्यांत ठेवून मी वाट पाहिली असती. त्यांत कांहीं गैर नसतें. आमच्यापुढें पुण्याचा उन्हाळा होता.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शस्त्रक्रियेकडे माझा ओढा होता त्याच्या मुळाशीं तें हरवलेलें भुंकणें होतें. रोगानें वर्षभर आधीं निरोप पाठविला आणि आम्हीं तो पोक्तपणा म्हणून मिरविला. हें ध्यानांत आल्यावर मी दोन दिवस डॉक्टरांस होकार दिला नाहीं. प्रायश्चित्त घ्यावयाचें तें स्वतःच्या अंगानें, मोत्याच्या गळ्यानें नव्हे. भयाचा हिशेब पुन्हां मांडला. तो माझी चूक वजा करूनहि तसाच उरला, तेव्हां कागदावर सही केली. सहीच्या जागीं "मालक" असें छापलेलें होतें.

शस्त्रक्रियेस आतां पांच महिने झाले. अन्नाचे लहान लहान गोळे करून पत्नी व मी पाळीपाळीनें भरवतों. तो प्रत्येक घांस गिळेपर्यंत दुसरा द्यावयाचा नाहीं. तळ्यांत पोहणें कायमचें बंद. मधें एकदां खोकला व ताप आला, आठ दिवस आमची झोंप उडाली, औषधानें निभावलें. मागचा डावा पाय पायरीवर अडखळतो. पण दुपारीं तो न्हाणीघराजवळच्या थंड फरशीवर आडवा पडतो आणि त्याचा श्वास ऐकूं येत नाहीं. कधीं कधीं मी उठून पोट हलतें आहे ना हें पाहून येतों.

भुंकणें परत आलें नाहीं. टपालवाला आला कीं मोत्या मान वर करतो, तोंड उघडतो, आणि नुसती हवा बाहेर येते. तेवढ्यानें मी आतां हातांतलें काम ठेवून कोण आलें आहे तें पाहावयास जातों.